तीन हजारांचं तूप परवडतं का?

आज मी झाशीहून बोलतोय. विषय आहे तूप, पण सुरुवात होते न्यूयॉर्कच्या एका सँडविचपासून.

माझा भाचा तिकडे असतो. दिवाळीत घरी आला तेव्हा जेवताना त्याने एक किस्सा सांगितला. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये, वॉल स्ट्रीटच्या परिसरात, 'डॉन वाग्यू' नावाचं एक छोटंसं दुकान निघालं होतं. तिथे जपानी वाग्यू बीफचं सँडविच मिळायचं आणि त्यातल्या सगळ्यात महागड्या सँडविचची किंमत होती १८० डॉलर. तेव्हाच्या भावाने बारा हजार रुपये. पावाच्या दोन चकत्या, मध्ये पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा तुकडा आणि थोडं सॉस.

काकू वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, "बारा हजार? अरे, एवढ्यात इथे वर्षभराचं तूप येतं."

भाचा हसला. म्हणाला, "काकू, तुमच्याच फडताळात तीन हजार रुपये किलोचं तूप आहे. त्याचं काय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. कारण ती बरणी मी आणली होती.

आता वाग्यू खरंच तेवढ्या किमतीचं असतं का, हे मी चव घेऊन सांगू शकत नाही. मी ते खाल्लेलं नाही. उत्तर प्रदेशात १९५५ च्या कायद्याने गोहत्येला बंदी आहे आणि आमच्या घरात तो पदार्थ येण्याचा प्रश्नच नाही. पण भाच्याचा मुद्दा बरोबर होता. बारा हजारांचं सँडविच आणि तीन हजारांचं तूप यात एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे आपण पैसे मोजतो ते जनावराच्या जातीच्या नावावर आणि त्याच्या चरबीवर. म्हणून तीन प्रश्न दोघांनाही विचारायला हवेत. वस्तूत खरंच काही वेगळं आहे का? ते वेगळेपण तपासता येतं का? आणि जास्तीचे पैसे कशासाठी जातात?

आधी वाग्यू

'वाग्यू' या शब्दाचा अर्थ एवढाच, की जपानी गुरं. त्यात चार जाती येतात, पण बहुतेक सगळं मांस 'जपानी काळी' या एकाच जातीचं असतं. या जातीचं वैशिष्ट्य म्हणजे चरबी मांसाच्या कडेला न साठता आतमध्ये, धाग्याधाग्यांत, संगमरवरातल्या शिरांसारखी पसरते. त्या चरबीत ओलेइक आम्लाचं प्रमाण जास्त असतं. ऑलिव्ह तेलात जे मुख्य आम्ल असतं, तेच हे. त्यामुळे ती कमी तापमानाला विरघळते आणि घास तोंडात मऊ लागतो. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. वस्तू वेगळी आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही जपानमध्ये 'हो' आहे. तिथे मांसाला श्रेणी देतात. आतल्या चरबीला १ ते १२ असे गुण असतात आणि ८ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तरच सगळ्यात वरची 'ए-फाइव्ह' श्रेणी मिळू शकते. २००३ साली त्यांनी कायदा केला आणि प्रत्येक जनावराला दहा आकडी क्रमांक दिला. तो क्रमांक टाकला की जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, हे गिऱ्हाइकाला कळतं.

हीच साखळी जपानबाहेर ढिली पडते. अमेरिकेत 'वाग्यू' म्हणून विकलं जाणारं बरंचसं मांस जपानी गुरांचा अँगस गुरांशी संकर करून तयार झालेलं असतं. ते वाईट असतं असं नाही, पण दोन्हींवर नाव एकच असतं. शिवाय मऊपणा आणि चरबी यांसाठी प्रसिद्ध असलेला तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळून तळायचा आणि त्यावर गोडसर सॉस ओतायचं, म्हटल्यावर मऊपणा टिकतो, पण बारीक चव झाकली जाते. तेव्हा बारा हजारांतले काही पैसे मांसाचे, काही वॉल स्ट्रीटजवळच्या जागेच्या भाड्याचे आणि बरेचसे 'मी खाल्लं' असं सांगता येण्याचे. ज्याला तो आनंद हवा आहे त्याने घ्यावा. पण तो आनंद चवीचा नाही, एवढं लक्षात ठेवावं.

आता आपल्या बरणीकडे येऊ.

ए-टू ही अक्षरं कुठून आली?

माझ्या बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ए-टू देशी गायीचं तूप'. ही ए-वन आणि ए-टू भानगड दुधातल्या एका प्रथिनाची आहे. त्याचं नाव बीटा केसीन. हे प्रथिन म्हणजे २०९ अमिनो आम्लांची एक माळ. त्या माळेतला ६७ वा मणी काही गायींमध्ये प्रोलीन असतो, काहींमध्ये हिस्टिडीन. प्रोलीन असेल तर ए-टू, हिस्टिडीन असेल तर ए-वन. फरक एवढाच. २०९ मण्यांत एका मण्याचा.

२००० साली न्यूझीलंडमध्ये ए-टू दूध विकणारी कंपनी निघाली आणि ही अक्षरं बाजारात आली. ए-वन दूध पचताना त्यातून एक तुकडा सुटतो आणि तो अनेक आजारांना कारण होतो, असा दावा पुढे आला. २००९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तोवरचा सगळा अभ्यास तपासला आणि त्या तुकड्याचा आजारांशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. काही लोकांना ए-टू दूध पोटाला हलकं वाटतं, असं दाखवणारे छोटे अभ्यास नंतर झाले. तो वाद दुधापुरता आपण बाजूला ठेवू.

कारण आपला विषय तूप आहे. आणि तूप म्हणजे काय? लोणी कढवून त्यातलं पाणी उडवायचं आणि दुधातलं जे घन उरतं ते खाली बसू द्यायचं. तळाशी जी तपकिरी बेरी राहते, जी आपण लहानपणी साखर घालून खायचो, तिच्यात प्रथिनं असतात. वरचं गाळून घेतलेलं तूप जवळजवळ शंभर टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे ज्या प्रथिनावरून ए-वन आणि ए-टू ठरतं, ते प्रथिन तूप करताना आपण स्वतःच गाळून टाकतो. उरलेल्या तुपाला ए-टू म्हणणं म्हणजे साल काढून टाकलेल्या आंब्याची किंमत सालीच्या रंगावरून ठरवणं.

हे मी एकटाच म्हणत नाही. भारताच्या एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २१ ऑगस्ट २०२४ रोजी सूचना काढली होती, की दूध आणि दुधाच्या पदार्थांवरून ए-वन, ए-टू असे दावे काढून टाका. हा फरक प्रथिनाचा आहे, तेव्हा स्निग्ध पदार्थांवर असा दावा करणं दिशाभूल करणारं आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पाचच दिवसांनी, २६ ऑगस्टला, संबंधितांशी आणखी चर्चा करायची म्हणून ती सूचना मागे घेतली गेली. सूचना मागे गेली, पण तुपात प्रथिन परत आलं नाही.

आणखी एक गंमत ऐका. आपल्या देशी गायींमध्ये ए-टू प्रकारच जवळपास सगळीकडे आढळतो. म्हशीचं दूधही ए-टूच असतं. म्हणजे या अक्षरांसाठीच पैसे मोजायचे असतील, तर कोपऱ्यावरच्या गवळ्याकडचं साधं म्हशीचं दूधही त्यात बसतं. पण म्हशीच्या तुपाच्या बरणीवर 'ए-टू' लिहून कुणी तीन हजार मागताना मला दिसलेलं नाही.

मग तीन हजार ही लूट आहे का?

इथे मला वाटलं होतं की उत्तर सोपं आहे. लूट आहे, विषय संपला. पण हिशेब मांडायला बसलो आणि जरा थबकलो. तुम्हीही माझ्याबरोबर मांडा.

देशी गायीच्या दुधात साडेचार टक्के स्निग्धांश धरू. एका लिटरमधून साधारण ४६ ग्रॅम. एक किलो तुपासाठी, काहीही वाया न जाता, बावीस लिटर दूध लागेल. पण विरजण लावून, रवीने घुसळून लोणी काढलं की थोडा अंश ताकात जातोच. म्हणून पंचवीस लिटर धरा. दूध साठ रुपये लिटर धरलं तर नुसत्या दुधाचे झाले पंधराशे रुपये. त्यावर जळण, मजुरी, काचेची बरणी, कुरियर, दुकानदाराचा वाटा. दोन हजारांच्या आत हे तूप विकणं अवघडच आहे.

मग डेअरीचं तूप सहाशे-सातशे रुपयांना कसं मिळतं? त्यात भेसळ असते म्हणून? नाही. डेअरी दुधाचे भाग करते. यंत्राने साय वेगळी काढते, तीही जवळजवळ थेंब न सोडता. सायीचं तूप होतं आणि उरलेल्या दुधाची भुकटी होते, टोन्ड दूध होतं, दही होतं. म्हणजे दुधाची किंमत पाच-सहा मालांत वाटली जाते. घुसळून केलेल्या तुपात मात्र सगळा भार एकट्या तुपावर येतो. उरलेल्या ताकाला भाव कोण देतो? गावात ते वाटूनच टाकतात.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. महाग तुपातले बरेचसे पैसे पद्धतीचे असतात, गुणाचे नव्हे. त्यात फसवणूक असतेच असं नाही. उलट, 'देशी गाय, घुसळलेलं' असं लिहून कुणी आठशे रुपयांत किलोभर देत असेल, तर शंका तिथे घ्या. एवढ्या पैशांत दूधसुद्धा येत नाही.

झाशीची म्हैस

आता मी झाशीहूनच हे का बोलतोय ते सांगतो.

झाशी म्हटलं की मराठी माणसाला राणी आठवते. १८४२ मध्ये जिथे त्यांचं लग्न लागलं ते गणेश मंदिर अजून आहे. तिथे गणपतीत मराठी आरती होते आणि बुंदेली बोलता बोलता मध्येच मराठीत शिरणारी आमच्यासारखी घरं अजून आहेत. पण ग्वाल्हेर रस्त्याला पहूज धरणाजवळ एक जागा आहे, जी आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. भारतीय चारा संशोधन संस्था. १९६२ सालची. गवत, चारा यांवर काम करणारी ही केंद्रीय संस्था भदावरी नावाच्या म्हशींचा कळपही सांभाळते.

भदावरी ही यमुना आणि चंबळच्या दऱ्याखोऱ्यांतली म्हैस. आग्रा, इटावा, भिंड, मुरैना हा तिचा मुलूख. जुन्या भदावर संस्थानावरून नाव पडलं. रंगाने काळी नाही, तांब्यासारखी. पाय गव्हाच्या काडासारखे फिकट आणि गळ्याखाली दोन पांढऱ्या रेघा, कंठी घातल्यासारख्या. अंगाने आटोपशीर. उन्हाळा सोसते, खरबरीत चाऱ्यावर जगते.

आणि तिचं दूध? मुऱ्हा म्हशीच्या दुधात साधारण सात टक्के स्निग्धांश असतो. भदावरीच्या दुधात सरासरी आठ टक्के आणि काही म्हशींच्या दुधात तो बारा-तेरा टक्क्यांपर्यंत गेलेला आढळतो. वाग्यूला जशी मांसातल्या चरबीची देणगी, तशी हिला दुधातल्या. आपला मघाचा हिशेब हिला लावा. आठ टक्क्यांनी लिटरमागे ८२ ग्रॅम. घुसळताना जाणारा अंश धरूनही एक किलो तुपाला चौदा लिटर दूध पुरतं. गायीच्या पंचवीस लिटरच्या जागी चौदा.

मग ही म्हैस घरोघरी का नाही? कारण ती दिवसाला चार-पाच लिटरच दूध देते. मुऱ्हा तिच्या जवळपास दुप्पट देते. खरं सांगायचं तर दिवसाच्या एकूण स्निग्धांशातही चांगल्या चाऱ्यावरची मुऱ्हा तिला मागे टाकते. आठ लिटरला सात टक्के म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या वर, भदावरीचे साडेतीनशे-पावणेचारशे. पण मुऱ्हेला तेवढा चारा आणि पेंड लागते. दऱ्याखोऱ्यांतल्या काटेरी झुडपांवर मुऱ्हा आठ लिटर देणार नाही. भदावरीचा कस तिथे लागतो, जिथे दुसरं जनावर तग धरत नाही.

आता बाजार बघा. जिथे सहकारी डेअरी स्निग्धांश मोजून भाव देते, तिथे भदावरी पाळणाऱ्याला थोडा न्याय मिळतो. पण जिथे दूधवाला मापाने घेतो, लिटरला अमुक रुपये, तिथे घट्ट दूध आणि पातळ दूध एकाच भावाने जातं. मग माणूस विचार करतो की कमी दूध देणारी म्हैस ठेवायची कशाला? तो तिला विकतो आणि मुऱ्हा आणतो, किंवा भदावरीला मुऱ्हा रेडा लावतो. अशीच ही जात घटत चालली आहे आणि सरकारी संस्थेला तिचा कळप राखून ठेवावा लागतो.

म्हणजे एकीकडे तुपात नसलेल्या प्रथिनाच्या नावावर शहरातलं गिऱ्हाईक तीन हजार रुपये मोजतं, आणि दुसरीकडे खरंच तुपासाठी घडलेली म्हैस भाव नाही म्हणून संपत चालली आहे. मला बरणीच्या किमतीपेक्षा याचं जास्त वाईट वाटलं.

चवीचं काय?

चव खोटी नसते, पण ती नेहमी नावातून येत नाही. तुपाची चव चार गोष्टींतून येते. एक, विरजण. दह्यातून काढलेल्या लोण्याला जो वास असतो तो नुसत्या सायीच्या तुपाला नसतो. दोन, कढवणं. मंद आचेवर बेरी बदामी होईपर्यंत कढवलेलं तूप खमंग लागतं. तीन, ताजेपणा. चार, जनावराने काय खाल्लं. विदर्भ आणि काठियावाडच्या कपाशीच्या पट्ट्यात गुरं सरकी खातात. तिथलं तूप जास्त घट्ट असतं आणि त्याचे रासायनिक आकडेही इतके वेगळे येतात, की तुपाची मानकं ठरवताना कपाशीच्या मुलखाचा वेगळा विचार करावा लागला.

रंगावर जाऊ नका. गायीचं तूप पिवळं असतं ते कॅरोटीनमुळे. म्हैस त्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. पिवळं म्हणजे जास्त पौष्टिक, हा समज आहे. रव्यावरही फार जाऊ नका. म्हशीच्या तुपाचा दाणा मोठा पडतो हे खरं, पण तूप सावकाश निवू दिलं तर दाणा चांगला येतो, घाईने गार केलं तर येत नाही. आणि वजनाची काळजी असेल तर सगळी तुपं भावंडं आहेत. शंभर ग्रॅमला नऊशेच्या आसपास कॅलरी, बरणी कुठलीही असो.

तपासण्याचं म्हणाल तर जपानसारखा दहा आकडी क्रमांक आपल्या तुपाला नाही. आगमार्कचा शिक्का शुद्धता आणि दर्जा सांगतो. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक तूप कुणी केलं ते सांगतो. वनस्पती तुपाची भेसळ पकडायला एक जुनी परीक्षा आहे. वनस्पतीत तिळाचं तेल घालणं मुद्दाम सक्तीचं केलं गेलं, म्हणजे ते साजूक तुपात मिसळलं तर रंग बदलून चोरी उघड होते. पण तूप गीर गायीचं की साहिवाल गायीचं, मुऱ्हेचं की भदावरीचं, हे यातलं काहीच सांगत नाही. तिथे फक्त विकणाऱ्याचा शब्द असतो. ओळखीचा असेल तर त्या शब्दाला किंमत आहे. अनोळखी असेल तर तो छापील शब्द आहे.

तीन वाट्या

भाचा परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही एक खेळ केला. गरम भात, वरण आणि तीन वाट्यांत तीन तुपं. एक माझं तीन हजारांचं, एक डेअरीचं, आणि एक काकूंनी आदल्या दिवशी ओळखीच्या घरच्या भदावरीच्या दुधाचं कढवलेलं. कुठलं कुठल्या वाटीत ते फक्त भाच्याला माहीत.

काकूंनी पहिला घास घेतला. "हे बाजारचं. वाईट नाही, पण वास नाही." ते डेअरीचं होतं. दुसरा घास. "हे चांगलं आहे, पण जुनं आहे." ते माझं. तिसरा घास घेऊन त्या नुसत्या हसल्या. "हे मीच कढवलंय. मला काय विचारता?"

यावरून घरचं तेच उत्तम असा निष्कर्ष मी काढणार नाही. काकूंनी जात ओळखली नाही. त्यांनी ताजेपणा आणि आपल्या हातची आच ओळखली. पण आपल्या घरात पैसे कशासाठी द्यायचे, हे मला कळलं. माझं तूप वाईट नव्हतं. ते बरणीत बरेच महिने बसलं होतं, एवढंच.

तुम्हीही हा खेळ करून बघा. घरात तीन तुपं नसली तर शेजाऱ्यांकडून वाटीभर आणा. डोळे मिटून खा. फरक कळला आणि आवडला, तर महाग तूप जरूर घ्या. पुरणपोळीवर घ्यायला, सणाला, थोडंसं. शिऱ्याला आणि फोडणीला डेअरीचं पुरतं. तिथे फरक झाकला जातो, त्या तळलेल्या सँडविचसारखाच. आणि फरक कळलाच नाही, तर उगीच अपराधी वाटून घेऊ नका. तुमचे पैसे वाचले.

विकणाऱ्याला मात्र दोन गोष्टी जरूर विचारा. किती लिटर दुधातून हे निघालं? आणि कधी कढवलं? ज्याने स्वतः केलं असेल तो लगेच सांगेल. ज्याने नुसतं लेबल लावलं असेल तो तुम्हाला ए-टूबद्दल सांगू लागेल.

तुम्ही झाशीच्या, ग्वाल्हेरच्या, आग्र्याच्या बाजूला राहत असाल, तर आणखी एक सांगतो. दूधवाल्याला विचारा, त्याच्याकडे तांबूस म्हैस आहे का. असेल तर तिचं दूध वेगळं मागा आणि लिटरला चार रुपये जास्त द्या. हिशेबाने ते तुम्हालाही परवडतं, कारण साय जास्त येते. आणि ते चार रुपये त्या म्हशीच्या दावणीपर्यंत पोहोचतात.

मी आता तसंच करतोय. ती रिकामी बरणी काकूंनी धुऊन ठेवली आहे. त्यात आता मेथीदाणे असतात.